भाता, पट्ट्या आणि तार

ऑर्गन वाजवायला दोन हात लागतात असं बघणाऱ्याला वाटतं. वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की निम्मं काम पायांचं आहे. संगीत नाटकात रंगमंचापुढे बसलेला ऑर्गनवाला पद सुरू झालं की दोन्ही पेडल आळीपाळीने दाबत राहायचा. पाय जरा सैल पडले की गायकाच्या पाठीमागचा स्वर खाली बसलाच. आज जुन्या ऑर्गनचा सांगाडा मिडीच्या तारेने संगणकाला जोडता येतो. पट्ट्या दिवाणखान्यात राहतात आणि आवाज येतो तो हजारो मैलांवरच्या एखाद्या चर्चमध्ये रेकॉर्ड करून ठेवलेल्या नळ्यांचा. पण पट्ट्या एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही फारकत गिरगाव-दादर-लालबागला नवी नाही. संगणक घरात येण्याच्या कितीतरी आधी तिची सुरुवात झाली होती, आणि दर वेळी घोडं अडलं ते हवेपाशी.

या वाद्याचं घराणं तसं परदेशी. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्झांडर देबेनने हार्मोनियम या नावाने आपली पेटी नोंदवली. तिच्यात पायाच्या भात्याने हवा आत दाबायची आणि ती पितळी रीडमधून बाहेर ढकलायची. अमेरिकेतल्या कारखानदारांनी उलटा मार्ग धरला. बोस्टनची मेसन अँड हॅम्लिन आणि व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावची एस्टे या कंपन्यांच्या ऑर्गनमध्ये पाय हवा बाहेर ओढतात आणि बाहेरची हवा रीडमधून आत शिरते. आवाज त्यामुळे मऊ, गोलसर होतो. आपल्याकडे दोन्ही जाती आल्या. मिशनऱ्यांबरोबर घडी घालून पेटाऱ्यासारखे मिटणारे छोटे ऑर्गन देशभर फिरले. मुंबईत फोर्टातली रोज अँड कंपनी आणि १८६५ पासून चालत आलेलं धोबी तलावचं फुर्टाडो यांसारख्या दुकानांतून पियानो, ऑर्गन, व्हायोलिन अशी विलायती वाद्यं विकत मिळत. धोबी तलावापासून गिरगावातली नाटकगृहं चालत जाण्याच्या अंतरावर, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने भाता पायाखालून काढून पेटीच्या पाठीला लावला, तेव्हा मांडी घालून बसणाऱ्या गवयांची सोय झाली. मोठ्या नाट्यमंडळ्यांनी मात्र पायाच्या वाद्याची साथ पुढेही धरून ठेवली. का, ते सांगण्यासारखं आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं आणि पदांनी नाटकाचा ताबा घेतला. पुढे तीस वर्षांनी, १२ मार्च १९११ ला, मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवादक होते. पेटीवर बोटं फिरवत विचार करणाऱ्या माणसाने नाटकाच्या चाली कराव्यात, ही घटना आपल्या संगीताच्या इतिहासात वाटते त्याहून मोठी आहे. ‘मानापमान’च्या पदांतली ठुमरी-दादऱ्याची लचक आणि छोट्या, चपळ जागा ऐकल्या की बोटांचा तो हिशेब कळतो. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी माणसं बसली. या थाटात ऑर्गन शोभेसाठी नव्हता.

त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला, तेव्हा खचाखच भरलेल्या त्या नाटकगृहात शेवटच्या रांगेपर्यंत जे काही पोचलं ते केवळ गळ्याच्या आणि वाद्यांच्या जोरावर पोचलं. हाताच्या पेटीचा आवाज अशा ठिकाणी पहिल्या काही रांगांत विरून जातो. शिवाय एक हात भात्यावर अडकलेला. पायाच्या ऑर्गनला दोन्ही हात मोकळे, हवा भरपूर आणि कपलर ओढला की दाबलेल्या पट्टीबरोबर वरच्या किंवा खालच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप वाजते. गायकाला पाठीशी असा भरणा मिळाला की त्याला तार षड्जावर निवांत ठेहराव घेता येतो. वन्समोअरवर वन्समोअर घेऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात तो आधार काय मोलाचा असेल, हे गाणाऱ्यांनाच विचारावं.

आपल्या ऑर्गनवाल्यांनी हे वाद्य चर्चसारखं वाजवलंच नाही. चर्चमध्ये चार-चार स्वरांचे गुच्छ एकमेकांत मिसळत पुढे सरकतात. इथे उजवा हात गायकाच्या मागे सावलीसारखा, क्षणभर उशिराने चालायचा आणि डावा षड्ज-पंचम धरून ठेवायचा. गायक श्वासाला थांबला की रिकाम्या जागेत दोन-तीन स्वरांची सुबक भर. मिंड ऑर्गनवर निघत नाही, ती पायाच्या दाबाने सुचवायची. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना हवा किंचित कमी करून पुन्हा उचलली की कानाला जोड जाणवत नाही. ही क्लृप्ती कागदावर लिहिलेली सापडायची नाही. ती तळपायात असते.

ऑर्गनची पाठ उघडली की आत सगळा सुतारकामाचा आणि चामड्याचा मामला दिसतो. बहुतेक अमेरिकी ऑर्गनना पाच सप्तकं, म्हणजे ६१ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीखाली एक बारीक लाकडी दांडी, दांडीखाली नमद्याने मढवलेली झडप, झडपेमागे लाकडी खोबणीत बसवलेली पितळी रीड. पट्टी दाबली की दांडी झडप ढकलते आणि हवेला वाट मिळते. समोरच्या खुंट्या ओढल्या की रीडच्या वेगवेगळ्या रांगा उघडतात. गुडघ्याजवळच्या फळीला उजव्या गुडघ्याने बाहेर रेटलं की आतल्या पडद्या उघडतात आणि आवाज मोठा होतो. सूर लावायचा तर आकड्याने रीड ओढून काढायची. तिचं टोक हलकं खरवडलं तर स्वर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. दोन ओरखडे जास्त झाले तर रीड कामातून जाते. मुंबईच्या दमट हवेत हा सगळा संसार टिकवणं म्हणजे दर पावसाळ्याला नवी परीक्षा: लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याचं कापड विरतं, नमद्याला कसर लागते. म्हणूनच वाद्य दुरुस्त करणारा कारागीर हा नाटक मंडळीचा आणि पुढे वादकाचा घरचा माणूस होऊन बसला. दादरला हरिभाऊ विश्वनाथसारख्या पेढ्यांनी पेट्या घडवण्या-विकण्याचा व्यवसाय उभा केला, त्यालाही ही सततची गरज कारण होती.

ऑर्गनवर पहिलं गंडांतर आलं ते गिरगावातूनच. याच भागातल्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता, पण मूकपटाला निदान पडद्यापुढे बसून वाजवणारा पेटीवाला-तबलजी लागत असे. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदाच गाऊ लागला. १९३४ च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळी बंद पडली. पुढल्याच वर्षी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत दिसले.

दुसरा घाव रेडिओने घातला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केलं. पट्ट्यांच्या वाद्याचे स्वर समान अंतरावर ठोकून बसवलेले, त्यावर आपल्या श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप. तो खोटा नव्हता. समस्वरित पेटीचा शुद्ध गंधार कानाला गोड लागणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि तानपुऱ्याजवळ धरला की ते कळतं. पण हे दुखणं आपल्या लोकांना आधी ठाऊक नव्हतं असं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं आपलं पुस्तक १९१० मध्येच छापलं होतं. जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुती-हार्मोनियमही तयार झाली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत तिच्यावर खडाजंगी झाली. वाद्य मात्र चाललं नाही. जास्त रीड, जास्त पट्ट्या, जास्त वजन. वादकाने बोटं कुठे ठेवायची? आकाशवाणीची बंदी १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं एका वाद्याला वाळीत टाकूनही घराघरांतली पेटी हलली नाही, यावरून आक्षेप घेणाऱ्यांच्या कानाबद्दल काही म्हणता येत नसलं तरी त्यांच्या अंदाजाबद्दल म्हणता येतं.

नाटकाला पुन्हा उभं करण्याचं काम गिरगावात झालं. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने, विशेषतः डॉ. अमृत नारायण भालेरावांच्या खटपटीमुळे, चाळीसच्या दशकात नाट्यमहोत्सवांचा धडाका लावला. केळेवाडीतलं संघाचं नाट्यगृह १९६४ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी गोवा हिंदु असोसिएशनचं ‘मत्स्यगंधा’ आलं, १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. तिकडे गिरणगावात, परळला, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीला जागा देत होतं. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारखे साथीदार या काळात घडले. बोटांत नाटकाची जुनी पदंही आणि या नव्या नाटकांचे संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांच्या चालीही. पण आता मंचावर मायक्रोफोन होता. ज्या कारणासाठी ऑर्गन हवा होता ते कारणच उरलं नाही. हाताची पेटी मायक्रोफोनपुढे ठेवली की काम भागतं, टेम्पोत ती मांडीवर घेऊनही बसता येतं. ऑर्गनला रेडिओने किंवा सिनेमाने मारलं असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर त्याच्या पोटावर पाय दिला तो मायक्रोफोनने.

गिरगावातच दरम्यान आणखी एक गंमत घडली होती. कच्छी किराणा व्यापाऱ्याचा मुलगा कल्याणजी वीरजी शहा या भागात मराठी-गुजराती शेजारात वाढला. १९५४ च्या ‘नागिन’मध्ये, हेमंतकुमारांच्या संगीतात, देशभर गाजलेली ती पुंगी त्याने वाजवली ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर. जोडीला रवी यांची हार्मोनियम. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास बनवलेल्या या वाद्याचे दोन तुकडे होते. तीन सप्तकांची छोटी पट्टीफळी, आणि केबलने जोडलेली वेगळी पेटी, जिच्यात अँप्लिफायर आणि स्पीकर. आवाजाला ना रीड, ना भाता. सापाची पुंगी म्हणजे फुंकेचं वाद्य, आणि तिचा आवाज निघाला तो जिथे फुंकच नाही अशा यंत्रातून! क्लॅव्हिओलिनलाही आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने हलवायचा दांडा होता, हे ऑर्गनवाल्यांनी ऐकलं असतं तर त्यांना ओळखीचं वाटलं असतं.

क्लॅव्हिओलिनच्या केबलमधून आवाजाचीच वीज वाहत होती. मिडी ही निराळी गोष्ट. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगीतवाद्यांच्या व्यापारी मेळाव्यात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं, एका तारेने जोडून दाखवली गेली. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजला. त्यामागे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही दोन माणसं होती. या तारेतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो. कुठली पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली. मधला षड्ज समजा ६० क्रमांकाच्या पट्टीवर धरला, तर तारेवरून ६० हा आकडा जातो. तो काळी एकमध्ये वाजवायचा की काळी पाचमध्ये, बासरीच्या आवाजात की पाइप ऑर्गनच्या, हे पलीकडचं यंत्र ठरवतं. एका सेकंदाला ३१,२५० बिट या गतीने एक निरोप पोचायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो.

लालबाग-परळच्या पोरांना हे सगळं तांत्रिक तपशिलांतून कळलं नाही, ऑक्टोपॅडमधून कळलं. रोलंडने १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला, पॅड-८ ला, स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी चौकोन, त्यांवर काठी मारली की मिडीतून निरोप जायचा आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून निघायचा. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड ढोल-ताशाच्या बरोबरीने स्थिरावला. बेंजो पार्टीतला बेंजो हेही पट्ट्यांचंच वाद्य. टाइपरायटरसारख्या बटणांचा हा बुलबुलतरंग जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतोचा वंशज. गिरणगावाने जपानी वाद्य दोनदा आपलंसं केलं, आणि दोन्ही वेळा ते विसर्जनाच्या रस्त्यावर जास्त शोभलं. तिकडे वाद्यवृंदांत आणि नाट्यपदांच्या कार्यक्रमांत कीबोर्ड आला, त्यातलं ऑर्गनचं बटण दाबून साथ होऊ लागली. ते ऐकायला बरं वाटायचं, पण पट्टी दाबून धरली की स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसाच्या तसा. पायाचा पत्ताच नाही.

आता संगणकावरचा ऑर्गन. २००२ मध्ये मार्टिन डाइड यांनी काढलेलं हॉप्टवर्क आणि फुकट मिळणारं ग्रँडऑर्ग ही यातली दोन प्रसिद्ध सॉफ्टवेअरं. एखाद्या चर्चमधली प्रत्येक नळी स्वतंत्रपणे रेकॉर्ड करतात. स्वर सोडल्यावर दालनात घुमणारी शेपटीसुद्धा, तीही कमी वेळ आणि जास्त वेळ धरलेल्या स्वरांची निरनिराळी. हॉप्टवर्कबरोबर मिळणारा ऑर्गन बर्मिंगहॅममधल्या मोझली इथल्या सेंट अ‍ॅन चर्चचा आहे, १९०७ च्या सुमाराचा. हे वाजवायला ज्यांच्याकडे जुना ऑर्गनचा सांगाडा आहे ते लोक प्रत्येक पट्टीखाली एक संपर्क-स्विच बसवतात. ६१ स्विचना ६१ तारा ओढायच्या नसतात. आठ रांगा आणि आठ स्तंभांची जाळी करायची, प्रत्येक छेदावर एक डायोड घालायचा, आणि एक छोटा सर्किट बोर्ड सेकंदाला शेकडो वेळा ती जाळी चाळून कुठली पट्टी दाबली आहे ते मिडीत सांगतो. डायोड विसरला तर तीन पट्ट्या एकत्र दाबल्या की चौथी न दाबताच वाजते. खुंट्यांना स्विच, गुडघ्याच्या फळीला रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा पोटेन्शिओमीटर. तिचा निरोप मिडीच्या ११ क्रमांकाच्या कंट्रोलरवर पाठवला की आवाज कमीजास्त होतो. मोठ्या चर्चच्या ऑर्गनला दोन-तीन पट्टीफळ्या असतात, त्यांना मिडीच्या १६ चॅनेलांपैकी एकेक वाटून देतात.

इथपर्यंत सगळं सुतारकामासारखं सरळ आहे. पण पट्टी किती वेगाने दाबली हे जे मिडी एवढं निगुतीने मोजतं, त्याची ऑर्गनला गरजच नाही. झडप हळू उघडा की झटक्यात, स्वर तोच. ऑर्गनला गरज आहे ती हवेची, आणि पट्टीफळीच्या तारेत हवेला जागा मागून मिळाली. ती जागा दिली यामाहाने. हमामात्सू गावात १८८७ मध्ये तोराकुसू यामाहा यांनी शाळेतला एक अमेरिकी ऑर्गन दुरुस्त केला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. तिच्याच १९८३ च्या डीएक्स-७ या कीबोर्डला तोंडात धरून फुंकायचं एक साधन जोडता येत असे. श्वासाचा दाब आकड्यात बदलून जायचा. मिडीत श्वासासाठी कंट्रोलर क्रमांक २ राखून ठेवलेला आहे. तोंडाच्या जागी भाता घातला की नाटकाच्या ऑर्गनचं काम होतं: रीड काढून टाकायच्या पण भाता आणि पेडल शाबूत ठेवायचे, हवेला एक बारीक छिद्र ठेवायचं म्हणजे पायाला आधीचा जोर लागेल, आणि आत दाब मोजणारी सेन्सर-चकती लावायची. ओढणाऱ्या भात्यात दाब वातावरणापेक्षा कमी असतो, म्हणून सेन्सर दोन्ही बाजूंचा फरक मोजणारा हवा. साध्या मिडीत हा फरक ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत बसतो, आणि मंद धरलेल्या स्वरावर त्या पायऱ्या कानाला टोचू शकतात. जानेवारी २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिडी २.० मध्ये कंट्रोलरचे आकडे ३२ बिटांचे झाले, तेव्हा पायऱ्यांची तक्रार कागदावर तरी मिटली.

श्रुतींचा जुना वादही या तारेने वेगळ्या वळणावर नेला. गोविंदराव पटवर्धनांकडे शिकलेले ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी देवल-क्लेमंट्सना न जमलेलं काम पेटीतच करून दाखवलं. सप्तकात बावीस श्रुती बसवल्या आणि रागाप्रमाणे हव्या त्या निवडायची सोय पट्ट्यांजवळच्या खुंट्यांनी केली. संगणकावर हेच काम एका तक्त्याचं आहे. ६० क्रमांकाच्या पट्टीला कुठली कंपनसंख्या द्यायची हे तार ठरवत नाही, त्यामुळे गंधार १४ सेंट खाली आणायला रीड खरवडावी लागत नाही. भूपासाठी एक तक्ता, तोडीसाठी दुसरा, आणि नाटकात एका पदामागून दुसरं पद वेगळ्या रागात सुरू झालं तर बटण दाबून तिसरा. मिळणारे तयार संच बहुतेक युरोपातल्या चर्चचे असल्यामुळे त्यांच्या तक्त्यांत जुन्या जर्मन-इटालियन जुळण्या भरपूर सापडतात. आपले बावीस आकडे स्वतः भरावे लागतात. देवलांच्या पुस्तकातली अंतरं सेंटमध्ये मांडून घेतली की ते काम एका दुपारचं आहे.

पेडलचं काम मात्र दुपारभरात होत नाही. बाजारात तयार मिळणाऱ्या मिडी ऑर्गन-कन्सोलना पायाखाली खर्जाच्या पट्ट्यांची फळी असते, भाता नसतो, कारण चर्चच्या ऑर्गनला हवा पुरवायला पूर्वी वेगळा माणूस आणि नंतर विजेची मोटर असे. वादकाच्या पायांना हवेशी देणंघेणंच नव्हतं. नाट्यपदाला साथ करायची असेल तर तो कन्सोल उपयोगाचा नाही. त्यासाठी कुणाच्या तरी घरी किंवा एखाद्या संस्थेच्या अडगळीत रीड गंजलेला, खुंट्या तुटलेला, पण भाता दुरुस्त होण्याजोगा पायाचा ऑर्गन शोधावा लागतो, आणि भात्याचं कापड बदलून देणारा कारागीरही.